तरुण मंडळांनी शेती करावी आणि शेतीवर बोलावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पत्राच्या जिल्हा पानांवर दोन प्रकारच्या बातम्या नेमाने वाचायला मिळतात. एक असते कृषी महाविद्यालयाच्या कृषीदूतांनी किंवा कृषीकन्यांनी, म्हणजे तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, एखाद्या गावात भाताच्या बीजप्रक्रियेचे किंवा कलम बांधण्याचे प्रात्यक्षिक दाखवल्याची, आणि दुसरी असते एखाद्या मंडळाने अथवा वाचनालयाने वक्तृत्व स्पर्धा घेऊन बक्षिसे वाटल्याची. दोन्ही उपक्रम चांगले आहेत. परंतु प्रात्यक्षिकाच्या छायाचित्रात ऐकायला बसलेली मंडळी बहुतेक साठीच्या पुढची दिसतात आणि वक्तृत्वाच्या व्यासपीठावरून होणाऱ्या भाषणांत गावच्या शेताचा उल्लेखही येत नाही. गावोगावच्या तरुण मंडळांनी ही दोन कामे एकत्र आणावीत, म्हणजे जी मुले-मुली स्वतःच्या हाताने पेरतील आणि लावतील त्यांनीच चारचौघांत उभे राहून त्याविषयी बोलावे, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कोकणात मंडळांची उणीव नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्वतःचे तरुण मंडळ नसलेली वाडी क्वचितच सापडेल, आणि अनेक मंडळांची एक शाखा मुंबईतही असते. शिमग्याची पालखी, गणपतीतली भजने, वार्षिक सत्यनारायण, क्रिकेटचे सामने, पावसाने खचलेल्या पाखाडीची (दगडी पायवाटेची) डागडुजी, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवणे अशी किती तरी कामे ही मंडळे वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आली आहेत. वर्गणी गोळा करण्याची आणि वार्षिक सभेत पै-पैचा हिशेब वाचून दाखवण्याची शिस्त त्यांना आहे. अशा तयार संघटनेला वाडीच्या जमिनीशी जोडून घेणे हे नवी संस्था उभी करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीच्या मंडळाने गेल्या काही वर्षांत हे करून पाहिले आहे. त्यात विशेष मोठे असे काही नाही, पण जे झाले ते डोळ्यांसमोर झाले असल्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येते. सुरुवात भाजीपाल्यापासून केली आणि ती तशीच करावी असे मी इतर मंडळांनाही सुचवीन, कारण भेंडी किंवा काकडी दीड-दोन महिन्यांत हाती लागते आणि तेवढा धीर दहावी-बारावीतल्या मुलांना धरता येतो. देवळामागच्या विहिरीजवळ पडून असलेला तुकडा निवडला. जांभ्यावर मातीचा थर पातळ, म्हणून पऱ्याच्या (ओहोळाच्या) काठचा गाळ आणि गोठ्यातले शेणखत घालून आळी तयार केली. पहिल्या पावसाबरोबर पडवळ, दोडका, काकडी, चिबूड आणि भेंडी लावली, बांबूचा मांडव घातला आणि बांधाच्या कडेने अळू सोडले. पावसाळ्यानंतर त्याच मुलांनी रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून पऱ्यावर वनराई बंधारा बांधला आणि अडलेल्या पाण्यावर मुळा, लाल माट, मिरची, वांगी घेतली. कोकणात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण पाणी सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून पाहता पाहता समुद्राला मिळते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले वाक्य मुलांना त्या बंधाऱ्यावर उभे राहिल्यावर खऱ्या अर्थाने समजले.

भाताकडे मंडळ वळले ते भाजीपाल्याचा जम बसल्यावर. एका मुंबईकर कुटुंबाने बरीच वर्षे पड असलेले दोन कोपरे, म्हणजे भातखाचरे, कसायला दिले. येथे मुलांना पहिल्यांदा कळले की शेजारी शेजारी असलेल्या दोन कोपऱ्यांतही एकच भात लावून चालत नाही. वरच्या कोपऱ्यातले पाणी लवकर हटते म्हणून तेथे हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, वाण लागते आणि खालच्या पाणथळ कोपऱ्यात निमगरवे किंवा गरवे, म्हणजे मध्यम किंवा उशिरा पिकणारे, वाण टिकते. बियाणे निवडताना दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतले, वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकले आणि तळाशी बसलेले वजनदार बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवले. ही साधी, जवळजवळ फुकट होणारी गोष्ट कितीतरी घरांत अजून केली जात नाही. लावणीसाठी मुलांनी चारसूत्री पद्धत निवडली. पिकाचे अवशेष जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर प्रत्येक चुडात (रोपांच्या झुबक्यात) दोन-तीनच रोपे लावणे आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, अशी ही चार सूत्रे आहेत. खत पाण्यावर फेकले तर त्यातला मोठा भाग पाण्याबरोबर आणि हवेत निघून जातो; तीच मात्रा मुळाशी पुरली तर पिकाला पुरवून पुरवून मिळते. दोरी धरून लावणी करायला वेळ अधिक लागतो, अशी तक्रार वाडीतल्या अनुभवी बायांनी केली आणि ती खरीही होती. पहिल्या वर्षी रानडुकरांनी एका रात्रीत खालच्या कोपऱ्याची दैना केली, तेव्हा काही मुलांचे मन उडालेही. परंतु जी टिकली त्यांनी पुढच्या हंगामात आळीपाळीने राखण केली, भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी पेरली, आणि पेंढा वाडीतल्या उरल्यासुरल्या गुरांसाठी वाटून दिला.

आता वक्तृत्वाविषयी. या विषयावर मला अधिक लिहायचे आहे, कारण शाळेत शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मुलांची शेकडो भाषणे मी ऐकली आहेत आणि त्यांतली बहुतेक शिक्षकांनी किंवा पालकांनी लिहून दिलेली असतात. मुले ती तोंडपाठ करतात, ठरलेल्या ठिकाणी हात वर करतात, ठरलेल्या ठिकाणी आवाज चढवतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. त्याने सभाधीटपणा येतो हे मान्य आहे. मात्र स्वतः पाहिलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला पटवून देण्याची ताकद त्याने येत नाही, आणि पुढच्या आयुष्यात नेमकी तीच लागते. बँकेत पीककर्जाचा अर्ज घेऊन जाणाऱ्याला, वनविभागाकडे नुकसानीची भरपाई मागणाऱ्याला, आंब्याच्या दलालाशी भाव ठरवणाऱ्याला पाठ केलेल्या भाषणाचा काहीही उपयोग नसतो.

म्हणून आमच्या मंडळाने शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बोलण्याचा जो वार ठेवला, त्याला दोन नियम घातले. बोलणाऱ्याने आपण केलेल्या किंवा आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या कामाविषयीच बोलायचे आणि हातात कागद घ्यायचा नाही. पाच मिनिटे बोलून झाले की ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. भाषा ज्याची त्याची. घरी बोलतो त्या बोलीत मुलगा बोलला तरी कोणी हसायचे नाही. प्रमाण मराठीत बोलता यायलाच हवे, पण तिच्या धाकाने गप्प बसलेले मूल आधी बोलते होणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

याचा परिणाम कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. अकरावीत शिकणारी एक मुलगी रातांब्याविषयी, म्हणजे कोकमाविषयी, बोलली. तिच्या घराच्या वरच्या अंगाला रातांब्याची बरीच झाडे आहेत आणि त्यांतल्या काहींना कधी फळच धरत नाही. बीपासून तयार केलेल्या रोपांतून निम्म्याच्या आसपास झाडे नर निघतात, ती नर आहेत हे सहा-सात वर्षांनी फुलोरा आल्यावरच कळते, आणि म्हणून मादी झाडाची फांदी घेऊन बांधलेले कलम लावणे हिताचे, एवढेच तिने सांगितले. त्यावर वाडीतल्या एका वयस्क काकींनी विचारले की सगळीच कलमे मादीची लावली तर फळ धरेल कसे. मुलीला उत्तर आले नाही. तिने ते प्रामाणिकपणे कबूल केले, पुढच्या आठवड्यात कृषी अधिकाऱ्यांना विचारून आली आणि बागेत थोडी नर झाडे राखावी लागतात, हे तिने पुन्हा उभे राहून सांगितले. स्पर्धेतल्या पहिल्या क्रमांकापेक्षा तिच्या या दुसऱ्यांदा उभे राहण्याला मी अधिक मान देतो. आणि काकींचा तो प्रश्न विचारला जाण्यासाठीही सभामंडपच हवा होता. घरात तो कोणी विचारला नसता आणि विचारला असता तर ऐकला नसता.

कोकणाला बोलण्याचे वावडे कधीच नव्हते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट कथा डोक्यात ठेवून रंगमंचावर आयत्या वेळी संवाद रचतात आणि रात्रभर प्रेक्षकांना धरून ठेवतात. शक्ती-तुऱ्याच्या जाखडी नाचात एका शाहिराने घातलेल्या सवालाला दुसऱ्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. ज्या मुलाचे आजोबा असे बोलत असत त्याला पाठ केलेल्या भाषणाच्या ओळी विसरल्या म्हणून व्यासपीठावर रडू यावे, याचे मला फार वाईट वाटते.

शेती आणि सभेतले बोलणे यांचा संबंध तर आपल्या किनाऱ्याने अनुभवलेला आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांनी संप केला आणि जवळपास सहा वर्षे, घरात धान्य नसताना, जमिनी पड ठेवल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. गावोगावच्या सभांत उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडायला शिकलेल्या माणसांशिवाय एवढा दीर्घ संप टिकणे शक्य नव्हते. पुढे कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला मालक मानले गेले.

त्याच कायद्याचा उल्लेख आज एका अडचणीमुळे करावा लागतो. वाड्यावाड्यांत पडलेल्या जमिनी मंडळांना का मिळत नाहीत, याचे सर्वांत मोठे कारण कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आहे. त्यात सातबारावर दहा-पंधरा नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही कुठे आहेत याचा पत्ता नाही; मग कोणीच होकार देत नाही आणि कोपऱ्यात झुडपे माजतात. आमच्या मंडळाने हिस्सेदारांकडून लेखी संमती घेतली, त्यात मुदत आणि जमीन परत देण्याची तारीख स्पष्ट लिहिली, जाणकार वकिलांकडून मजकूर तपासून घेतला आणि मंडळाच्या वार्षिक सभेत तो वाचून दाखवला. तरीही तयार झालेले एकच कुटुंब. महसूल विभागाने नोंदणीकृत मंडळांना ठरावीक मुदतीसाठी जमीन कसायला देण्याचा एक सोपा, सर्वांना विश्वास वाटेल असा नमुना करार उपलब्ध करून दिला तर पुष्कळ जमीन पुन्हा लागवडीखाली येईल, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी अडचण मुलींच्या सहभागाची. कोकणात लावणी बायाच करतात, भाजीचे परडे त्याच सांभाळतात, बाजारात पाट्या घेऊन त्याच बसतात, आणि मंडळाच्या यादीत मात्र एकही मुलगी नसते. महिलांसाठी बचत गट आहेत, हे उत्तर पुरेसे नाही, कारण बचत गटात लग्न झालेल्या स्त्रिया असतात आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी कुठेच नसते. आमच्याकडेही सुरुवातीला घरच्यांनी कुरकुर केली. सभा दिवेलागणीच्या आत संपवण्याचे ठरल्यावर ती कमी झाली.

अशा कामाचा अनुभव इतरत्रही आहे. अमेरिकेत ओहायओ राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळेतील शिक्षणाधिकाऱ्याने १९०२ साली मुलांचा शेतीविषयक गट सुरू केला. त्यातून पुढे फोर-एच ही मोठी युवक चळवळ उभी राहिली आणि १९१४ पासून तेथील कृषी विस्तार सेवेचा तिला आधार मिळाला. त्या गटांत मूल मका किंवा टोमॅटो पिकवते, त्याची वही ठेवते आणि मग जत्रेत लोकांसमोर उभे राहून आपण काय केले ते करून दाखवते व सांगते. पिकवणे आणि सांगणे यांत तेथे फारकत नाही. आपल्याकडे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी देशात नेहरू युवा केंद्रांचा आरंभ झाला. विद्यापीठाची वेंगुर्ल्याची काजू-आंब्याची, भाट्ये येथील नारळाची, शिरगाव आणि कर्जत येथील भाताची संशोधन केंद्रे आपल्या उंबरठ्याशी आहेत. कृषीदूत आणि कृषीकन्या शेवटच्या वर्षात गावांत येऊन राहतात ते याच व्यवस्थेतून. त्यांनी प्रात्यक्षिक दाखवून परत जाण्याऐवजी त्या गावच्या मंडळातील पाच-सहा मुलांना हाताशी धरावे, कलम बांधायला शिकवावे आणि मग ते प्रात्यक्षिक गावकऱ्यांना त्या मुलांकडून करवून घ्यावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोयी रुजवून आंब्याचे कोय कलम बांधायला शिकलेला मुलगा पुढच्या वर्षी स्वतः रोपवाटिका घालू शकतो. नुसते पाहिलेला मुलगा ते विसरून जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि इकडे दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत अनेक वर्षे जातात. त्या बागा पुन्हा उभ्या करण्याचे काम आज तिशीच्या आत असलेल्यांनाच करावे लागणार आहे, आणि ते शिकण्याची जागा महाविद्यालयाखेरीज दुसरी कोणती असेल तर ती वाडीचे मंडळच आहे.

क्रिकेटच्या सामन्यांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळेच मुले मंडळात येतात. स्पर्धेच्या खर्चातील थोडा भाग बियाणे, दोरी, विळे-कोयते आणि एखादा फवारणी पंप यांसाठी बाजूला काढला तरी परसबागेचे काम चालते.

शेवटी हे सारे बोलणे ग्रामसभेपर्यंत पोहोचले पाहिजे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. अठरा वर्षे पूर्ण होऊन गावच्या मतदारयादीत नाव आलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. प्रत्यक्षात ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, आणि झाल्या तरी चार-पाच ठरलेली माणसे बोलतात. वनराई बंधाऱ्यांची जागा, रानडुकरांचा उपद्रव, शाळेच्या पोषण आहारासाठी परसबाग, पाणंद रस्ता, गुरांचे पाणी हे सगळे विषय शेतीचे आहेत आणि त्यांवर बोलायला शेतात उतरलेला तरुण हवा. आमच्या मंडळातील एका मुलाने गेल्या ग्रामसभेत बंधाऱ्यांसाठी जागांची यादी वाचली, प्रत्येक जागी पाणी किती महिने टिकते ते सांगितले आणि सरपंचांनी विचारलेल्या प्रश्नांना न गडबडता उत्तरे दिली. ठराव मंजूर झाला. सभामंडपातल्या शनिवारांशिवाय हे झाले नसते, असे त्या मुलानेच मला सांगितले.

संपादक महोदय, आपणांस माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या पत्रात आठवड्यातून एकदा, अर्धा रकाना का होईना, मंडळांतील मुलामुलींनी स्वतः लिहिलेल्या शेतीच्या नोंदींसाठी द्यावा. काय लावले, काय साधले, काय फसले, एवढेच त्यात असावे आणि त्यांची भाषा फार सुधारू नये. दुसरी विनंती अशी की शक्य झाल्यास हे पत्र गणेशोत्सवापूर्वी छापावे. अनेक मंडळांच्या वार्षिक सभा त्या दिवसांत होतात, मुंबईचे हिस्सेदार गावी आलेले असतात आणि पड जमिनीच्या संमतीपत्रावर सह्या घेण्याची वर्षातली ती एकच वेळ असते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात भात कापणीला येते आणि कुळीथ-चवळीसाठी जमीन मोकळी होते.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी